दहावीनंतर थेट मुक्त विद्यापीठाची बीए, आता एलएलबीला ‘अपात्र’. पुढे काय करू?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ३४. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर पारोळा तालुक्यातलं. दहावीला ६४ टक्के होते. अकरावीला रोज तालुक्याला जावं लागलं असतं आणि परतीची एसटी अंधार पडल्यावर गावात यायची, म्हणून वडिलांनी नाव घातलं नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम केला आणि मग तिथूनच बीए. कापूस वेचून आल्यावर रात्री पुस्तकं घेऊन बसायचे. ६१ टक्के पडले.

सहा वर्षं बचत गटांचं काम करतेय. हिशोबाच्या वह्या घेऊन येणाऱ्या बायका हळूहळू दुसरेच कागद काढायला लागतात. कोणाची खावटी थकलेली, कोणाचं सातबाऱ्यावर नाव लागलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात एक जण पदराखाली लपवून स्टँप पेपर घेऊन आली. नवरा जाऊन पाच महिने झालेले. दिरांनी ‘वारस लावायचा आहे’ म्हणून अंगठा घेतला होता. मी वाचलं तर ते हक्कसोडपत्र. तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, “मग आता काय करायचं?” मला पुढचं काहीच सांगता आलं नाही. ती कागदाची घडी घालून परत पदराखाली ठेवून गेली. त्या रात्री ठरवलं की वकिली शिकायची.

तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, निकाल माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आला. कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म भरायला सेवा केंद्रात गेले. ‘बारावीची गुणपत्रिका’ या रकान्यात काय टाकायचं हे त्या मुलालाही कळेना. शेवटी त्याने पूर्वतयारीचं प्रमाणपत्र चढवलं. चार दिवसांनी त्रुटी आली, बारावीची गुणपत्रिका जोडा. नाही म्हणून कळवलं, तर यादीत माझ्या नावापुढे ‘अपात्र’.

बीएला नाव घातलं तेव्हा तिथल्या माणसाला मी स्वतः विचारलं होतं, पुढे वकिलीला चालेल ना? “पदवी ती पदवी, सगळीकडे चालते,” असं सांगितलं होतं. याच पदवीवर मला स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरता येतो. मग एलएलबीला का नाही? काही मार्ग आहे का?

तापीकाठ

ताई, वाईट वाटलं वाचून. विद्यापीठात जाऊन कुलगुरूंना अर्ज द्या. आपलं जळगावचं विद्यापीठ मुळात खान्देशातल्या पोरांसाठीच तर झालं ना १९९० मध्ये. ऐकतील.

काळाकोट_धुळे

तापीकाठ, भावना समजते, पण ताईंना त्या रस्त्याला लावू नका, उगाच भाडं आणि दिवस जातील. हा नियम विद्यापीठाचा नाही, सीईटी कक्षाचाही नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचं काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे दिलं आहे. त्यांचे २००८ चे विधी शिक्षण नियम आहेत. त्यात पाचव्या नियमाखाली स्पष्टीकरण आहे की ज्यांनी पायाभूत शिक्षण नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली ते कायद्याच्या प्रवेशाला पात्र नाहीत. विद्यापीठाने चुकून प्रवेश दिला तरी उद्या सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेताना गाडी अडते. तीन वर्षं शिकून झाल्यावर अडकण्यापेक्षा आज अडकलात हे त्यातल्या त्यात बरं. हे मी कोरडेपणाने म्हणत नाही. मी अशी दोन माणसं जवळून पाहिली आहेत.

स्पर्धा परीक्षेचं विचारलंत. तुमची पदवी खरी आहे, मान्यताप्राप्त आहे, त्यात शंका नाही. नोकरीला ‘पदवीधर’ एवढीच अट असते, म्हणून ती तिथे चालते. वकिलीला मात्र दहावी, बारावी, पदवी अशी एकावर एक चढलेली पायरी बघतात. तुमची मधली पायरी नाही, एवढंच.

गिरणामाय

म्हणजे मुक्त विद्यापीठाची पदवी वकिलीला चालतच नाही तर. आमच्या गल्लीत पण हेच म्हणतात. माझा भाऊ दुसऱ्या वर्षाला आहे तिथे, सोडायला सांगू का त्याला?

काळाकोट_धुळे

थांबा, अजिबात सोडायला सांगू नका! भाऊ बारावी पास आहे का?

गिरणामाय

हो, बारावी कॉमर्स, चाळीसगावहून.

काळाकोट_धुळे

मग काही धोका नाही. त्याच नियमात लिहिलंय की बारावी किंवा पदवी दूरशिक्षणाने केली असली तरी चालते. अडचण दूरशिक्षणाची नाही, बारावी नसण्याची आहे. ही अफवा खान्देशात इतकी पसरली आहे की चांगली पोरं पदवी अर्धवट टाकतात. माझ्याकडे ज्युनिअर असलेली मुलगी बारावीनंतर मुक्त विद्यापीठातून बीए झाली, तीन वर्षांची एलएलबी केली आणि आज शिरपूरच्या कोर्टात उभी राहते.

उलटं मात्र लक्षात ठेवा. खुद्द एलएलबी दूरशिक्षणाने होत नाही. कोणी ‘घरबसल्या एलएलबी’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. वर्गात ७० टक्के हजेरी लागते.

भुसावळ_जंक्शन

बोरीकाठच्या ताई, सोपं आहे. आता बारावीची परीक्षा बाहेरून द्या. पास झालात की बारावी पण आली, बीए तर आहेच. दोन्ही जोडा आणि पुढच्या वर्षी तीन वर्षांच्या एलएलबीला अर्ज करा.

काळाकोट_धुळे

भुसावळकर, हे इतकं सोपं नाही. नियमाचा रोख ‘पाया नसताना घेतलेली पदवी’ यावर आहे. बारावी आज केली तरी ती बीए पायाशिवायच घेतली होती हे बदलत नाही. पदवीचं साल आधीचं आणि बारावीचं नंतरचं, हे कागदावर लख्ख दिसतं. कोर्टात भांडता येईल, युक्तिवाद आहेत. पण ताईंना वकील व्हायचंय, स्वतःच्याच प्रवेशाचे पक्षकार नाही. मी माझ्या मुलीला हा सल्ला दिला नसता.

मी सांगेन तो मार्ग असा. बारावी करा आणि मग पाच वर्षांच्या बीए एलएलबीला जा. तो प्रवेश बारावीवर होतो, तिथे तुमची जुनी बीए कोणी मागतही नाही. कागद स्वच्छ.

बोरीकाठची

काका, पाच वर्षांच्या कोर्सला वय चालेल का? तिथे सगळी १८ वर्षांची मुलं असतील.

काळाकोट_धुळे

वयाची अट मध्यंतरी होती, पाच वर्षांच्या कोर्सला २० आणि तीन वर्षांच्या कोर्सला ३०. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये त्या अटीला स्थगिती मिळाली. आपल्या सीईटीला आज वयोमर्यादा नाही.

केळीबाग_रावेर

मी वर्षं मोजून बघितली. बारावी १, नवी बीए ३ आणि एलएलबी ३, म्हणजे सात. बारावी १ आणि बीए एलएलबी ५, म्हणजे सहा. काका सांगताहेत तो रस्ता एक वर्षाने जवळचा पण आहे.

खडूफळा

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, सतरा नंबरचं काम दरवर्षी माझ्याकडेच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बाहेरून बारावीला बसायचं म्हणजे ‘सतरा नंबरचा फॉर्म’. नाशिक विभागीय मंडळाकडे धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिक असे चारही जिल्हे आहेत, पण तुम्हाला नाशिकला जायचं काम नाही. नोंदणी मंडळाच्या संकेतस्थळावर होते, तिथे तालुक्यातलं एक संपर्क केंद्र निवडायचं आणि कागद त्या कॉलेजात नेऊन द्यायचे. पावसाळ्यात तारखा निघतात. विलंब शुल्काने थोडी मुदत वाढते, पण तिच्या भरवशावर राहू नका. परीक्षा फेब्रुवारीत.

आता सगळ्यात जास्त जिथे अडतं ते सांगतो. नाव! तुमचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा असेल, बीएची गुणपत्रिका सासरच्या, आधारकार्डवर तिसरंच काहीतरी. मंडळ दाखल्यावरचं नाव धरतं. बारावी माहेरच्या नावाने होऊ द्या, घाबरू नका. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. पुढे एलएलबीला, सनदेला, सगळीकडे तो एक कागद लागतो. आणि आधारवर जन्मतारीख दाखल्याप्रमाणेच आहे का ते आजच बघा. मागच्या वर्षी एका ताईंच्या दाखल्यावर १ जून आणि आधारवर १ जानेवारी होती, त्यात पंधरा दिवस गेले.

विषय कला शाखेचे घ्या. मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. बीएला यातले वाचलेच असतील. बारावीचे एकूण गुण ६००. पास व्हायला विषयात ३५ लागतात, पण तुमचं लक्ष्य तेवढं ठेवू नका. पाच वर्षांच्या कोर्सला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, म्हणजे ६०० पैकी २७०. ओबीसी, भटके-विमुक्त यांना ४२ टक्के म्हणजे २५२. अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के म्हणजे २४०. हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवा. आणि अंतर्गत २० गुणांचे प्रकल्प आणि तोंडी परीक्षा चुकवू नका. बाहेरून बसणारे नेमके तिथेच गैरहजर राहतात आणि मग हातातले गुण सोडून रडतात.

अहिरानी_माय

बहीन, तू घाबरू नको. मी बी दहावीनंतर बारा वरीसनी बारावी करी. सासू बोले, आते काय शाळामा जाशी? पन पास व्हयनू. तू बी व्हशी.

मेहरूणकर

धाग्यात मध्येच घुसतेय, माफ करा. माझं पण टक्क्यांवरूनच अडलंय. बीएस्सी, तिन्ही वर्षं मिळून ४४.६ टक्के. ओबीसी आहे, म्हणजे ४२ चालायला हवेत. पण कॉलेजात म्हणाले तू खुल्यात धरली जाशील आणि खुल्यात ४५ लागतात. ४४.६ चे ४५ करत नाहीत का?

खडूफळा

नाही. ४४.९९ असले तरी ४५ धरत नाहीत. पण मला वाटतं तुमची खरी अडचण टक्क्यांची नाही. जात वैधता प्रमाणपत्र आहे का?

मेहरूणकर

जातीचा दाखला आहे, नॉन-क्रिमीलेअर पण आहे. वैधता काढली नाही. बीएस्सीला लागली नव्हती.

जनरल_रजिस्टर

मग तेच. वैधता नाही म्हणजे प्रवेशापुरतं प्रवर्गातून बाहेर, आणि बाहेर गेलात की ४२ ची सवलतही गेली. ४४.६ वर मुलगी पात्र की अपात्र, हे त्या एका कागदाने ठरतं. मी आमच्या घरातल्या पाच जणांच्या वैधता काढल्या आहेत, म्हणून कळकळीने लिहितोय. नॉन-क्रिमीलेअर पण बघून घे, ते चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं.

वैधतेला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. तुझा नाही, तुझ्या बाबांचाही नाही. आजोबा किंवा पणजोबांचा. त्यासाठी त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जायचं आणि जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा. आमच्या आजोबांची नोंद सापडायला मला दोन चकरा लागल्या. रजिस्टर कापडात बांधलेलं, पानांना वाळवीची भोकं, आजोबांचं नाव ‘दगडू’ म्हणून घातलेलं आणि घरात सगळे त्यांना वेगळ्याच नावाने ओळखायचे. त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव जुळलं म्हणून खात्री पटली. जातीचा रकाना शाईने पुसट झालेला. हेडमास्तरांनी भिंग आणून वाचलं आणि खाली सही करताना म्हणाले, “तुमच्या नातवंडांना पण उपयोगी पडेल, जपून ठेवा.”

शाळेत नसेल तर तहसीलला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची जन्ममृत्यूची नोंद. जुनी नोंद मोडीत निघाली तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वंशावळीचं शपथपत्र नीट कर. त्यात काका-आत्यांची नावं खाडाखोड न करता. घरात रक्ताच्या नात्यात वडिलांकडून कोणाची वैधता आधीच असेल तर ती जोड, काम बरंच हलकं होतं. जळगावला जिल्हा समिती आहे, अर्ज ऑनलाइन भरून कागद तिथे. आज अर्ज केलास तरी वेळ लागेल, म्हणून कॅप सुरू व्हायची वाट बघू नको.

मेहरूणकर

आजोबा एरंडोल तालुक्यातले. रविवारी जाते बाबांना घेऊन. खूप आभार दादा, कॉलेजात कोणी एवढं सांगितलंच नाही.

जनरल_रजिस्टर

रविवारी शाळा बंद असते बाळा. सोमवारी जा.

सातपुडा_पायथा

सर मी धडगावचा. बारावी सायन्स ५२ टक्के, एसटी. मला नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत जायचं आहे. तिथे कोणती परीक्षा? मराठी माध्यम आहे.

केळीबाग_रावेर

दादा, माझी मुलगी मागच्या वर्षी बसली होती म्हणून सांगतो. त्या परीक्षेचं नाव क्लॅट. बारावीला ४५ टक्के, एससी-एसटीला ४० टक्के, म्हणजे तू पात्र आहेस. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. क्लॅट डिसेंबरात असते. तुझी सीईटी उन्हाळ्यात, म्हणून पोरं क्लॅटची तारीख विसरून बसतात.

क्लॅट पूर्ण इंग्रजीत आहे. १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा. उतारे लांबच्या लांब असतात. माझी मुलगी इंग्रजी माध्यमाची असूनही पहिल्या सरावात तिचे ३० प्रश्न वाचायचेच राहिले. आपली सीईटी पण १२० प्रश्नांची आणि दोन तासांची, पण प्रश्न मराठीतही येतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. तू दोन्ही दे. इंग्रजी पेपरचं संपादकीय रोज एक, मोठ्याने वाच.

सातपुडा_पायथा

घरी पेपर येत नाही सर. फोनवर वाचेन. टॉवर टेकडीवर येतो.

खडूफळा

सातपुडा, तुझ्याही बाबतीत वैधतेचं तेच. अनुसूचित जमातीची तपासणी समिती वेगळी असते आणि पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा लागतो. सायन्सला होतास, कॉलेजने वैधतेसाठी प्रस्ताव पाठवला होता का ते आधी कार्यालयात जाऊन विचार. पाठवला असेल तर पावती माग.

सातपुडा_पायथा

पाठवला होता. पावती आहे. उद्या तिथे जातो.

भुसावळ_जंक्शन

माझा पुतण्या पण अडकलाय. बारावीला २६३ गुण, म्हणजे ४३.८ टक्के, खुला प्रवर्ग. सात गुण कमी पडले. आता वर्ष वाया गेलं म्हणून घरात सुतकी वातावरण आहे.

खडूफळा

श्रेणीसुधार योजना आहे ना! पास झालेल्याला गुण वाढवायला परत बसता येतं. सात गुण एका विषयात निघतील. त्याला झोपू देऊ नका, पुस्तक उघडायला लावा.

नर्मदे_हर

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. बोरीकाठच्या ताई, सहा वर्षं म्हणजे तुम्ही चाळिशीला. त्यानंतर सनद, बारची परीक्षा, मग कोणाच्या तरी हाताखाली दोन-तीन वर्षं. पारोळ्याहून जळगाव पंचावन्नेक किलोमीटर, धुळे पस्तीसेक. रोज हजेरी. घर, शेत, मूल. त्यापेक्षा बचत गटात राहून कायद्याचं एखादं प्रमाणपत्र केलं तर? मी काळजीने विचारतोय.

बोरीकाठची

दादा, राग नाही. हाच प्रश्न घरात मालकांनी विचारला, सासूबाईंनी विचारला, मी स्वतःला तर महिनाभर विचारतेय.

प्रमाणपत्र केलं तर मला कागद वाचता येईल. तो आजही येतो. मला कोर्टात उभं राहता आलं पाहिजे. त्या बाईने विचारलं होतं “मग आता काय करायचं”, त्याचं उत्तर प्रमाणपत्र देत नाही. धुळ्याची बस हायवेवरून सकाळपासून दर थोड्या वेळाने असते, हे मी बघून ठेवलंय. सासूबाई काल भाकरी थापता थापता म्हणाल्या, “बारावी तर कर आधी, पुढचं पुढं.” त्यांच्या तोंडून एवढं येणं मला पुष्कळ आहे.

काळाकोट_धुळे

पैशाचं पण लिहून ठेवतो, कोणी विचारलं नाही तरी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. म्हणून कोणी ‘सीट पक्की करून देतो’ म्हटलं तर कान बंद करा. आणि सनदेची फी म्हणून पूर्वी हजारो रुपये घ्यायचे, ते सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्येच थांबवलं. आता ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५.

आणि इथल्या मातीची वकिली काही नवी नाही. प्रतिभाताई पाटील जळगावच्या कोर्टात वकिली करत होत्या, मग आमदार झाल्या, शेवटी राष्ट्रपती. उज्ज्वल निकम जळगावच्या मणियार लॉ कॉलेजचे. आणि धुळ्याच्या कोर्टात १९३७ साली खुद्द बाबासाहेब एका खटल्यासाठी आले होते, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते, पाऊस असला तरी. मी वकील झालो त्या वर्षी वडील मला तिथे घेऊन गेले होते. वडील सही करायला शिकले नव्हते.

ताई, एक विचारायचं राहिलं. त्या स्टँप पेपरवाल्या बाईंचं पुढे काय झालं?

बोरीकाठची

काही नाही काका. कागद तिच्याकडेच आहे. वकील करायला पैसे नाहीत म्हणते.

काळाकोट_धुळे

मग त्यासाठी तुमच्या सहा वर्षांची वाट बघायची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलेला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. साधा अर्ज आहे. पण आधी एक पाहा. त्या कागदावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का आणि दस्त क्रमांक आहे का? नुसता स्टँप पेपर आणि अंगठा असेल आणि नोंदणी झालेली नसेल, तर वारसाने आलेल्या जमिनीतला तिचा हक्क असा जात नाही. आणि तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची नोंद, पडलाय का ते बघा. नोटीस लागली असेल तर हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून येऊ नका.

बोरीकाठची

शिक्का नाही काका! मला आठवतंय, फोटो पण काढून ठेवला होता. आत्ता परत बघितला. शंभरचा स्टँप, खाली दोन साक्षीदार आणि अंगठा. दुसरं काही नाही. उद्या सकाळीच तिच्याकडे जाते.

अहिरानी_माय

देव पावना, माय.

बोरीकाठची

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, धागा वर आणतेय.

सतरा नंबरचा फॉर्म स्वीकारला गेला. खडूफळा सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं, दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. विवाह प्रमाणपत्र आधीच काढलं होतं म्हणून खिडकीवर पाच मिनिटांत काम झालं. माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघींना परत जावं लागलं, त्यांना कागदांची यादी लिहून दिली. विषय मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र. अर्थशास्त्राची भीती वाटते. २७० चा आकडा मुलाने पाटीवर लिहून चुलीजवळच्या भिंतीला टांगलाय. मी ओबीसी आहे, २५२ चालतील, पण वैधता येईपर्यंत २७० च धरणार. वैधतेसाठी वडिलांच्या गावच्या शाळेत जाऊन आले, रजिस्टर सापडलंय, उताऱ्यावर सही बाकी आहे.

फेरफाराची नोटीस लागलेली होती, हरकतीचे तीन दिवस उरले होते. हरकत दिली, पोच घेतली. मुक्त विद्यापीठातल्या त्या माणसाचा राग होता, तो अजून आहे, पण आता त्यात वेळ घालवत नाही.

मेहरूणकर

ताई!! मला पण उतारा मिळाला. पणजोबांची १९४१ ची नोंद. समितीकडे अर्ज केला.

खडूफळा

अर्थशास्त्राच्या माझ्या मराठी नोट्स आहेत, जुन्या असल्या तरी पाठ्यपुस्तक तेच आहे. पारोळ्याच्या बसमध्ये पार्सल टाकतो, स्टँडवर कोणाला तरी पाठवा. इंग्रजीची तोंडी परीक्षा असते, तिची तयारी आत्तापासून मोठ्याने बोलून करा, नुसती मनात नको.

काळाकोट_धुळे

ताई, विधी सेवा समितीचा अर्ज दिलात का? गुरुवारी मी त्याच कोर्टात आहे. बाईंना घेऊन अकराच्या आत या. झेरॉक्स नको, मूळ स्टँप पेपर आणा, आणि हरकतीची पोच.

बोरीकाठची

हो काका. सव्वानऊच्या बसने निघतो आम्ही दोघी.